मला नसरीनचा हेवा वाटायचा

कविताचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात होते. कविता माझी जुनी विद्यार्थिनी. कॉलेजजवळच्या पुसेगावची. आता स्वतःच एका शाळेवर शिकवते. "मॅडम, आपल्या नसरीन मॅडम गेल्या..." एवढंच बोलली. नुसते हुंदके ऐकू येत राहिले. अशा वेळी मनात पहिलं काय यावं हे माणसाच्या हातात नसतं. माझ्या मनात जे पहिलं आलं ते लिहायची लाज वाटते, पण ते लिहिलं नाही तर नसरीनबद्दल दुसरं काहीच खरं लिहिता येणार नाही. मला वाटलं, ही पोरगी तर माझी. ए तुकडीची. हजेरीपटावर तिचं नाव तीन वर्षं माझ्याकडे होतं. उद्या मी गेले तर ही अशी रडेल का?

परवा तिचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. इतक्या दिवसांत कॉलेजात शोकसभा झाली, पोरांनी भाषणं केली, मीही केलं. "आदर्श शिक्षिका", "मनमिळाऊ सहकारी" वगैरे म्हणाले. खोटं नव्हतं त्यात काही. पण बोलून खाली बसले तेव्हा वाटलं, नसरीन समोर असती तर डोळे मिचकावून म्हणाली असती, "वर्षा, वाचून दाखवून राहिली का गं?"

नसरीन आणि मी एकाच दिवशी रुजू झालो त्याला आता बारा वर्षं झाली. सेनगाव तालुक्यातलं आमचं कॉलेज, भूगोल विभागात दोन नव्या जागा, आणि प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघी. मी वसमतची, हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी, विद्यापीठात पहिली आलेली, पीएच.डी. पूर्ण झालेली. मांडीवर प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल. ती तालुक्यातल्याच गोरेगावची. वडिलांचं किराणा दुकान. एम.ए. झाल्यावर काही वर्षं तिनं शाळेत पोरांना शिकवलं होतं आणि शिकवता शिकवता नेट पास झाली होती. तिची फाइल माझ्या निम्मीसुद्धा नव्हती. खरं सांगते, तिच्याकडे बघून मला बरं वाटलं. विभागप्रमुखांनी पहिल्या वर्षाची ए तुकडी मला दिली, बी तिला. ए तुकडी मला मिळाली यातही मला काही तरी न्याय दिसला.

पहिल्या तासाची तयारी मी आठवडाभर केली होती. भूरूपशास्त्राची व्याख्या, व्याप्ती, सगळ्या विचारवंतांची मतं... चौदा पानं. ती सगळी पानं मी अठ्ठेचाळीस मिनिटांत संपवली. वर्गात टाचणी पडली तरी आवाज यावा अशी शांतता. मला वाटलं, पोरं भारावून गेलीत. घंटा झाली आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तीच ही कविता. अगदी आदबीनं म्हणाली, "मॅडम, हे लिहून घ्यायचं होतं का नुसतं ऐकायचं होतं?"

आमच्या दोन वर्गांमध्ये एकच भिंत. तिकडून हसण्याचा आवाज यायचा, मग एकदम शांतता, मग सगळी पोरं मिळून काही तरी ओरडायची. मी इकडे खडू हातात धरून वाक्य विसरायचे. दिवाळीपर्यंत माझा वर्ग अर्धा रिकामा झाला. पोरं कॉलेजात येत होती, फक्त माझ्याकडे येत नव्हती. बी तुकडीच्या बाकांवर चौघं चौघं बसायची, खिडकीच्या कट्ट्यावर बसायची. कवितासुद्धा तिकडे गेली तेव्हा मात्र मी तिला व्हरांड्यात अडवलं. "काहून जातीस गं तिकडं?" ती घाबरली. पण पोरगी खरी. म्हणाली, "मॅडम, तुमचं लई भारी राहतंय. पण तिकडचं समजतंय."

त्या दिवशी घरी जाऊन मी काहीच खाल्लं नाही. वसमतहून माझ्यासोबत हिंगोलीला राहायला आलेल्या आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

मग मी ठरवलं, हिची जादू काय आहे ते बघायचंच. माझा तास नसला की मी पाण्याची बाटली घेऊन बी तुकडीच्या दारापाशी जायचे आणि आतून दिसणार नाही अशा बेतानं खांबाआड उभी राहायचे. कुणी आलं की बाटलीचं झाकण उघडायचे. त्या दिवसांत मी किती पाणी प्याले असेन...

एक तास अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढं आहे. समोच्चरेषा शिकवत होती. नकाशावर सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या त्या रेषा दरवर्षी पोरांना छळतात. मी त्या तासाला व्याख्या सांगितली होती, फळ्यावर आकृती काढली होती आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी ती आकृती फूल काढावं तशी वहीत उतरवली होती. नसरीन म्हणाली, "मूठ आवळा सगळे. घट्ट. हा तुमचा डोंगर." पोरांनी मुठी आवळल्या. "आता पेन घ्या. सगळ्यात वरच्या हाडाभवती गोल काढा. त्याच्या खाली थोडा मोठा गोल. त्याच्या खाली अजून मोठा." पोरं हसत हसत स्वतःचे हात रंगवत होती. मग ती म्हणाली, "आता हात बाकावर पसरा. सपाट." आणि गप्प बसली. काहीच बोलली नाही. मी खांबाआडून मोजत होते, किती वेळ गप्प राहते ही? मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडलं, "मॅडम, डोंगर गेला, नकाशा राहिला!" आणि अख्खा वर्ग उसळला. मी बाहेर उभी होते आणि माझी डावी मूठ आपोआप आवळली गेली होती.

त्यानंतर जे मी केलं ते आजवर फार कमी लोकांना माहीत आहे. नव्या प्राध्यापकांसाठी एक प्रशिक्षण वर्ग असतो, तीन-चार आठवड्यांचा. आम्हा दोघींपैकी मी आधी गेले. शेवटी प्रत्येकानं एक नमुना पाठ घ्यायचा होता. मी मूठ आवळायला लावली. समोर माझ्यासारखेच चाळीस प्राध्यापक, सगळे आपापल्या मुठींवर गोल काढत होते. पाठ संपल्यावर टाळ्या पडल्या. परीक्षकांनी विचारलं, "ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" मी म्हणाले, "वर्गात शिकवता शिकवता सुचली, सर." इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. उत्कृष्ट पाठाचं प्रशस्तिपत्र मिळालं.

परत आले तर विभागप्रमुख सरांनी स्टाफरूममध्ये पेढे मागवले. सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या वर्षा मॅडमनी मुठीवर डोंगर दाखवला म्हणे! बघा, नसरीन मॅडम, तुमीबी असं काही तरी नवीन करत जा." नसरीन माझ्या शेजारीच बसली होती. तिनं पेढा घेतला, अर्धा मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "व्हय सर. शिकीन मी मॅडमकडून." तिच्या आवाजात टोमणा शोधायचा मी किती प्रयत्न केला. सापडला नाही.

संध्याकाळी हिंगोलीकडं येणाऱ्या जीपमध्ये आम्ही दोघी मागच्या सीटवर. मी खिडकीबाहेर बघत होते. तिनं हळूच विचारलं, "पेननं काढायला लावलं का खडूनं?"

"पेननं."

"पेन दोन दिवस निघत न्हाई. पोरं घरी शिव्या खातेत. आता मी खडूच देते." मग म्हणाली, "आन् तू खांबामागं उभी राहतीस ते मला पहिल्या दिवसापासून म्हाईत हाय. काहून अशी तकलीफ करून घेतीस? आत येऊन बस ना. पाय दुखत असतील."

ती रागावली असती तर मी भांडले असते. तिनं सरांकडे तक्रार केली असती तर मी नाकबूल गेले असते आणि मनातल्या मनात सुटले असते. पण तिनं मला खुर्ची दिली. हे मला सहन झालं नाही. वर्षभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. चोरी मी केली आणि अबोला मीच धरला. तिनं मात्र जीपमध्ये माझ्यासाठी जागा धरायची सोडली नाही. ओढणी टाकून ठेवायची सीटवर.

शेवटी मी गेले तिच्या वर्गात. सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. पोरं वळून बघायला लागली तर ती म्हणाली, "मॅडमला बी शिकायचंय, मॅडमचं बी वय झालं न्हाई अजून. पुढं बघा." आणि गंमत अशी की त्या दिवशी तिचा तास फसला. वाऱ्यांचे पट्टे शिकवत होती. चेंडू आणला होता, दोरी आणली होती, तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून बघितलं, पण पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या होत होत्या. घंटेला पाच मिनिटं असताना तिनं चेंडू टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आज मला शिकवता आलं न्हाई. चूक तुमची न्हाई, माझी हाय. उद्या दुसऱ्या रस्त्यानं येऊ." पोरं हसली नाहीत. एक जण म्हणाला, "चालंल मॅडम, उद्या बघू." जणू काही ते सगळ्यांचं मिळून एक काम होतं आणि ते उद्यावर गेलं होतं. माझ्या गुदगुल्या तिथंच थांबल्या. माझे तर सगळेच तास फसत होते, आणि मी एकदाही हे वाक्य म्हणाले नव्हते. मला तिच्या फसलेल्या तासाचाही हेवा वाटला.

त्या दिवशी डबा खाताना मी तिला सरळ विचारलं, "तुला कसं गं कळतं कुणाला समजलं न्हाई ते?" तिनं भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला. म्हणाली, "मी सातवीपर्यंत उर्दू शाळेत व्हते. आठवीला मराठीत आले. वर्गात सर बोलायचे आन् मला निम्मं समजायचं न्हाई. पण मान हलवायची. समजलं म्हणून. वर्षभर नुसती मान हलवली मी. म्हणून खोटी मान हलली की मला बराबर दिसते." मग हसून म्हणाली, "तू हुशार हायेस, वर्षा. तुला सगळं पहिल्या झटक्यात समजलं. तुझी अडचण तीच हाय."

नंतरची वर्षं मी तिच्याकडून घेतच राहिले. वहीतलं न बघता बोलायला शिकले. नावं पाठ करायला शिकले. तिला प्रत्येक पोराचं नाव, गाव आणि गावाजवळचा ओढा माहीत असायचा. एकाच मुलाला दोनदा प्रश्न न विचारणं, उत्तर चुकलं तर "चूक" न म्हणता "हे तुला कसं वाटलं?" असं विचारणं, हे सगळं तिचं. माझ्या वर्गात पोरं परत बसायला लागली. पण तिच्या तुकडीतलं कुणी उठून माझ्याकडं आलं नाही कधी. तेवढं मी दरवर्षी बघायचे. निकाल लागला की पोरं पेढे घेऊन यायची आणि आधी तिच्या टेबलाकडं वळायची. दोन पावलांचा फरक असेल, पण मला ती दोन पावलं दिसायची.

दोन वर्षांपूर्वी तिचा आवाज घोगरा झाला. सगळे म्हणाले, मॅडम बोलतात किती! मीही म्हणाले. गळ्यात गाठ निघाली. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, औषधोपचार झाले. तीन महिन्यांनी ती परत आली ती ओढणी गळ्याभोवती गुंडाळून. आवाज गेला होता. तोंडाशी कान नेला तर कुजबुज ऐकू यायची, तेवढीच. प्राचार्यांनी रजा घ्या म्हणून परोपरीनं सांगितलं. ती माझ्या टेबलापाशी आली आणि कानात म्हणाली, "माझ्या वर्गाला तू बोल. मी फळ्यावर काढते."

लाज वाटते, पण तेव्हाही माझ्या मनात एक उकळी फुटली. बी तुकडी माझी होणार होती.

पहिला तास नदीचा होता. उगम, मधला प्रवाह, मुख. ती फळ्यापाशी, मी शेजारी. मी बोलायला लागले आणि नेहमीसारखी पुढं पळाले. ती डोंगरातच होती अजून, मी मैदानात पोचले. तिनं खडूनं फळ्यावर टक् केलं. थांब. मी थांबले. तिनं सावकाश दरी काढली, दरीच्या दोन्ही बाजू, तळाशी पाण्याची एकच बारीक रेघ. वर्गात कुणी हललं नाही. मला ती शांतता भरून काढायची घाई झाली होती, जीभ वळवळत होती. तिनं माझ्याकडं न बघताच दुसऱ्यांदा टक् केलं. मग पोरांच्या चेहऱ्यांकडं बघितलं, एक एक करून, आणि मला मान हलवून खूण केली. आता बोल. त्या वेळी मला कळलं की दहा वर्षं मी तिचं बोलणं चोरत होते, आणि तिची सगळी कला थांबण्यात होती. ते थांबणं मला खांबाआडून दिसलं होतं, मी मोजलंही होतं, पण घेतलं नव्हतं.

आम्ही एक पूर्ण सत्र असं शिकवलं. ती टक् करायची, मी थांबायचे. सत्राच्या शेवटी एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तुमी आता अगदी नसरीन मॅडमसारख्या शिकवायला लागल्यात." मला एकाच वेळी आनंद झाला आणि आग लागली. वाटलं, म्हणजे अजूनही मोजमाप तिचंच.

शेवटची भेट तिच्या हिंगोलीच्या घरी झाली. ती पुन्हा आजारी पडली होती आणि या वेळी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. सलीमभाईंनी, तिच्या नवऱ्यानं, मला पलंगाजवळ खुर्ची दिली आणि चहा करायला आत गेले. ती उशीला टेकून बसली होती. हात अगदी काडीसारखे. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. कोण पास झालं, कुणाचं लग्न ठरलं. मग राहवलं नाही. म्हणाले, "नसरीन, मी तुझा फार हेवा केला गं. पहिल्या दिवसापासून. ते प्रशस्तिपत्र बी तुझं हाय. माफ कर मला."

ती हसली. आवाज नव्हताच, खांदे तेवढे हलले. हातानं जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला. एक एक शब्द सावकाश आला. "म्हाईत हाय. म्हणून तर शिकलीस. नुसतं कौतुक केलं असतंस... तर होतीस तशीच राहिली असतीस."

सलीमभाई चहा घेऊन आले. तिनं मला खुणेनं सांगितलं, गरम आहे तोवर पी. आठ दिवसांनी कविताचा फोन आला.

या जूनपासून दोन्ही तुकड्या माझ्याकडेच आहेत. एकत्र बसतात, तिच्याच वर्गात. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. आमच्या जोडीच्या शेवटच्या तासाला, मी हजेरी घेत असताना, नसरीननं फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर जागेत एक प्रश्न लिहून ठेवला होता, "तुमच्या गावावर पडलेलं पाणी शेवटी कुठं जातं?" उत्तर विचारायला ती पुन्हा आली नाही. तो प्रश्न अजून तिथंच आहे. फळा पुसणारी पोरं त्याच्या भोवतीनं डस्टर फिरवतात. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. जुनी पोरं गेली, नवी आली, तीही तशीच पुसतात. अक्षरं जरा फिकट झालीत, पण वाचता येतात.

मागच्या आठवड्यात तास सुरू व्हायच्या आधी मी वर्गात एकटीच होते. डस्टर हातात घेतलं. मला नकाशा काढायचा होता आणि जागा पुरत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. हात कोपऱ्यापर्यंत गेला. तेवढ्यात पोरं आत आली आणि एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्याचं उत्तर काय हाय?"

"तुझं गाव कोणतं?"

"पुसेगाव."

"मग तूच सांग की. पाणी पडलं. पुढं?"

ती अडखळत सांगू लागली. शेतातून ओढ्यात. ओढ्यातून कयाधूत. कयाधूतून... इथं ती थांबली. माझ्या जिभेवर पैनगंगा आली होती. मी ती गिळली. वर्ग वाट बघत राहिला, मीही राहिले. मागून कुणी तरी म्हणालं, "पैनगंगेत!" आणि मग एकेक जण पुढं न्यायला लागला, पार समुद्रापर्यंत.

डस्टर मी खाली ठेवलं. आता मी नकाशा लहान काढते. बारा वर्षांनी अख्खा फळा मला मिळाला आहे, तेवढा एक कोपरा सोडून. शिकवता शिकवता नजर तिकडं जाते, आणि मला त्या वीतभर जागेचा अजून हेवा वाटतो.